हीटरजवळचं खोकं

१४ सप्टेंबर, रविवार

बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांची तोडणी ऐन भरात आहे. मॉक्सीच्या मळ्यांकडून वारं आलं की अख्ख्या गावाला त्या हिरव्या, चिकट वासाची धुंदी चढते, आणि घरी बिअर करणारे सगळे वेडे माझ्या बिअर-सामानाच्या दुकानात येऊन उभे राहतात. पाय दुखेस्तोवर माल मोजून दिला. संध्याकाळी एफ्रेन कांतू आला. रेल्वेपलीकडची ब्रुअरी त्याची. म्हणाला, घरगुती बिअरची यंदाची स्पर्धा फक्त डबल आयपीएची ठेवतोय. म्हणजे दणदणीत कडू, चढणारी, हॉप्सने भरलेली बिअर. जी जिंकेल ती तो स्वतःच्या मोठ्या टाक्यांत करणार आणि करणाऱ्याचं नाव लावून खोऱ्यातल्या सगळ्या बारमध्ये नळाला लावणार. मग मला विचारलं, परीक्षक होशील का?

हो म्हणाले. आजवर चार वेळा भाग घेतला आणि चारही वेळा दुसरी आले. परीक्षकाच्या खुर्चीत निदान दुसरं येण्याची भीती नाही.

जेवायला बसले तर मार्गोचा फोन. माझी धाकटी बहीण. तिला एफ्रेनची बातमी माझ्याआधी कळलेली. "ओडी, मी पण उतरतेय," म्हणाली, जणू सहलीला निघाल्यासारखी. मी म्हटलं, जरूर उतर. तिनं बिअर करायला लागून वर्ष झालं नाही. बिअर आंबवायची बादली मीच दिली होती, नाताळची भेट म्हणून. खपत नव्हती, दुकानात पडून होती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मार्गो दुकानात आली. शाळेची बस तशीच बाहेर उभी करून, ड्रायव्हरचं जाकीट अंगावर. पाच मिनिटांत दुकानातली सगळी गिऱ्हाइकं तिच्याभोवती. तिला काही करावं लागत नाही, नुसतं येऊन उभं राहावं लागतं. लहानपणापासून हेच. पापा मला हॉप्स वाळवायच्या भट्टीवर घेऊन जायचे, मूठभर फुलं तळहातावर चोळून माझ्या नाकाशी धरायचे, "सांग, काय येतंय?" मी सांगायचे, संत्र्याची साल, पाइनचा चीक, थोडा कांदा. मार्गो तेव्हा बाहेर ट्रकवर चढून मजुरांना हसवत असायची. जेवताना पापा गोष्टी मात्र तिच्याच सांगायचे.

आज तिनं हॉप्स मुठीनं उचलले. अक्षरशः मुठीनं. मी तराजू पुढे केला तर म्हणाली, "असू दे गं, अंदाज आहे मला." मला परीक्षक व्हायच्या परीक्षेसाठी तीन वर्षं अभ्यास करावा लागला आणि हिला अंदाज आहे. तिनं उचलले होते ते हॉप्स मात्र यंदाच्या मालातले सगळ्यात चांगले होते. ते बघून माझं डोकं आणखी फिरलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

दुकानात एक बाई रडवेली होऊन आली. तिच्या बिअरला लोण्याचा वास येतोय. नेहमीचं उत्तर दिलं, घाईनं थंड केलीस, बाटल्या काढ फ्रीजमधून आणि दोनेक आठवडे उबेत ठेव, बाटलीतलं यीस्ट जागं होईल आणि स्वतःची घाण स्वतः खाऊन टाकेल. तिला वाटलं मी थट्टा करतेय. दर महिन्याला कुणीतरी हेच रडगाणं घेऊन येतं.

बाकी दिवस असाच गेला.

२६ ऑक्टोबर, रविवार

मार्गोकडे जेवायला बोलावलं होतं. वेन्डलनं, तिच्या नवऱ्यानं, ट्राउट मासा भाजला होता. तो रोज स्वयंपाक करतो आणि वर भांडीही घासतो. माझा नवरा होता तेव्हा पाणीसुद्धा मागून प्यायचा. असो.

मग तिनं बिअर काढली. ओतली तेव्हाच कळलं. रंग जुन्या तांब्यासारखा, फेस घट्ट आणि जागचा हलायला तयार नाही. नाकाशी नेली. पपनसाची साल, पाइनचा चीक, त्यामागे पिकलेलं, जवळजवळ नासायला आलेलं फळ, आणि हे सगळं एकमेकांच्या अंगावर न पडता, एकामागून एक. घोट घेतला. कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला बसला आणि तिथंच राहिला. इतकी चढणारी बिअर असून घशाला कुठेही जळजळ नाही. मी पेला खाली ठेवला.

मार्गो माझ्या तोंडाकडे बघत होती. लहान असताना चित्र काढून दाखवायची तेव्हा बघायची तसं.

दुसरा घोट घेतला आणि तेव्हा सापडलं. तळाशी, अगदी तळाशी, लोणी. सिनेमाच्या पॉपकॉर्नवर ओततात तसलं. थोडंच होतं, पण होतं. परीक्षकाच्या टेबलावर एवढ्यानं पहिलीची आठवी होते. काय सांगू, असं वाटलं की कुणीतरी छातीवरचा दगड उचलला.

"छान आहे," मी म्हटलं.

"नुसती छान?"

"छान म्हणजे छान गं."

वेन्डल म्हणाला, तुझ्याकडून छान म्हणजे बरंच झालं की. एफ्रेनही गेल्या आठवड्यात येऊन चाखून गेला म्हणे, सहज. मला आजवर तो सहज भेटायला आलेला नाही.

लोण्याचं मी सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

स्पर्धेच्या बाटल्या दुकानात जमा व्हायला लागल्या. मागच्या मोठ्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, मग हॉलिस येऊन त्यांच्यावर आकडे चिकटवणार म्हणजे कुणाची कुठली ते कुणालाच कळणार नाही. हॉलिस आमच्या बिअर करणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं, त्यामुळे लेबलांच्या बाबतीत तो देवाचंही ऐकत नाही.

दुपारी मार्गो तिचं खोकं देऊन गेली. बर्फाच्या पिशव्या लावून आणलेलं, बाळाला आणावं तसं. हॉप्सची बिअर उबेत ठेवली की तिचा वास उडतो, पुठ्ठ्यासारखी लागायला लागते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिला मीच शिकवलं. तिनं दहादा सांगितलं, "ओडी, थंडीत ठेव हं."

फ्रीज खच्चून भरलेला. तात्पुरतं खोकं मागच्या खोलीत, पाण्याच्या हीटरशेजारी ठेवलं. उद्या जागा करते.

३ नोव्हेंबर, सोमवार

जागा करायचं राहून गेलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज फ्रीजमध्ये जागा झाली. एका माणसानं त्याच्या बाटल्या परत नेल्या, झाकणं नीट लागली नव्हती. मग त्या जागेत मी दुकानातल्या यीस्टच्या पुड्या ठेवल्या. त्या खराब झाल्या असत्या.

मी काही मुद्दाम करत नाहीये. एखादं खोकं राहून जातं. कामाच्या गर्दीत होतं असं.

८ नोव्हेंबर, शनिवार

मार्गो आली, भोपळ्याचा ब्रेड घेऊन. अजून गरम होता. काउंटरवर ठेवला आणि एकीकडे बसमधल्या पोरांच्या नकला सुरू. दोन गिऱ्हाइकं पोट धरून हसत होती. मग हात चिकट झाले म्हणून मागच्या खोलीत धुवायला गेली. बराच वेळ पाणी वाहत होतं.

आली ती गप्प. मी विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाली. जाताना मला मिठी मारली, तीही लांबलचक, आमच्यात तशी पद्धत नाही. माझ्या पाठीवर हात फिरवला. मला वाटतं वेन्डलशी काहीतरी बिनसलंय. इतका गुणी नवरा म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणारच. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर फार नाही.

ब्रेड उत्तम होता. तोही तिला जमतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज मन खात राहिलं. दुकान बंद करून मागे गेले, खोक्यावर हात ठेवला. कोमट. बाळाच्या कपाळासारखं. मनात म्हटलं, ओडेट ब्रूनेल, छप्पन्न वर्षांची झालीस, हे काय चालवलंयस? खोकं उचललं, फ्रीजच्या दारापर्यंत नेलं.

तेवढ्यात फोन. एफ्रेन. मला वाटलं परीक्षणाचं काही असेल. त्याला मार्गोचा नंबर हवा होता. एकदा तिला ब्रुअरीतल्या टाक्या दाखवायच्यात, म्हणाला, तिच्यासारखं डोकं आमच्याकडे हवं. मी वीस वर्षं त्याला हॉप्स विकतेय. एकदाही टाक्या दाखवल्या नाहीत. मी नंबर दिला. आवाज गोड ठेवून दिला.

मग खोकं परत हीटरपाशी नेऊन ठेवलं. या वेळी राहून गेलं नाही. ठेवलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हॉलिस आकडे चिकटवायला आला. फ्रीजमधल्या बाटल्या काढल्या, ओळीत मांडल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. "एक खोकं कमी आहे." मी म्हटलं, मागे असेल. तो मागे गेला. परत आला तेव्हा खोकं दोन्ही हातांत होतं आणि चष्मा नाकावर खाली आलेला.

"हे हीटरजवळ का होतं?"

"उशिरा आलं. जागा नव्हती."

"केव्हा आलं?"

"आत्ताच, काल-परवा."

खोक्यावर मार्गोच्या अक्षरात तारीख लिहिलेली होती. हॉलिसनं ती वाचली की नाही, कळलं नाही. त्यानं मला बाहेर पाठवलं, नियम आहे तसा, आणि आतून दार लावून आकडे चिकटवले. जाताना नेहमीसारखा कॉफीला थांबला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर मला स्वतःलाच पटणार नाही.

शेतकऱ्यांच्या जुन्या सभागृहात टेबलं मांडली होती. एका टेबलावर दोघं परीक्षक, माझ्याबरोबर एफ्रेन. इथे नात्यातली बाटली आपल्यासमोर येऊ नये म्हटलं तर परीक्षकच उरायचे नाहीत, सगळं गाव सगळ्यांचं पाहुणं आहे, म्हणून आकड्यांवर भिस्त. सगळ्या टेबलांवर त्याच आठ बिअर, आणि शेवटचा कौल एफ्रेनचा. आधी नाक, मग डोळे, मग जीभ. लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, तोंडही वेडंवाकडं करायचं नाही. थुंकायचं नाही, कारण हॉप्सचा कडूपणा गिळल्याशिवाय कळत नाही. मध्ये मध्ये बिनमिठाची बिस्किटं. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा, तो सगळ्यात ओळखीचा असतो आणि नाक पुन्हा शून्यावर येतं.

पहिल्या दोन बेताच्या. तिसरी नाकाशी नेली आणि ओळखली. लोणी. भरपूर लोणी, आणि मागे भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. हॉप्सचा मागमूस नाही. दोन आठवडे हीटरजवळ ठेवल्यावर दुसरं काय होणार?

मला वाटलं होतं आनंद होईल. झाला नाही. त्या पेल्यात मला तिचं बर्फ लावून आणलेलं खोकं दिसत होतं. मी त्या बाटलीला तिच्या लायकीपेक्षा बरेच गुण जास्त दिले, आणि शेरा लिहिला, "करणाऱ्याची नजर चांगली आहे, पुन्हा जरूर करा." दयाच होती ती. दया करायला मला आवडतं, असं आज लक्षात आलं.

त्यामुळे पुढे मन मोकळं झालं होतं. आता माझ्यासमोर फक्त अनोळखी लोक होते.

सहावी आली. वास घेतला आणि लिहायचं विसरले. पपनस, पाइन, पिकलेलं फळ, आणि तळ स्वच्छ. इतका स्वच्छ की खाली दगड दिसावेत. कडूपणा उभा राहतो, मग हळूच बसतो आणि तुम्हाला पुढचा घोट घ्यायला लावतो. इतक्या वर्षांत मी एवढे गुण कुणाला दिले नव्हते. शेऱ्यासाठी जागा पुरली नाही, कागद उलटून मागे लिहिलं. काय लिहिलं ते शब्द न् शब्द आठवतंय: "या माणसाला कुणी शिकवलेलं नाही आणि कुणी शिकवू नये. ही बिअर मी केली असती तर मी आयुष्यभर दुसरी काही केली नसती."

एफ्रेनला पाचवी आवडली होती. म्हणाला, ती शिस्तीची आहे, मोठ्या टाकीत करायला सोपी. मी ऐकेना.

"पाचवी शहाणी आहे, एफ्रेन. सहावी जिवंत आहे. तुझ्या नळाला शहाणी लावायचीय की जिवंत?"

तो हसला. पुन्हा चाखली. मी आणखी बोलले, कितीतरी बोलले, शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मी आजवर स्वतःच्या बिअरसाठीसुद्धा अशी भांडले नाही. शेवटी त्यानं पेन खाली ठेवून मान डोलावली.

मग हॉलिस पुढे उभा राहिला, यादी उघडली आणि आपल्या औषधवाल्या आवाजात वाचलं, "सहावी. मार्गो टटल."

टाळ्या किती वाजल्या ते मला ऐकू आलं नाही. तिसरी बाटली कुणाची होती म्हणाल तर झिला गावच्या एका दंतवैद्याची.

मार्गो वर गेली. एफ्रेननं तिचा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "एक सांग. ऑक्टोबरमध्ये तुझ्याकडे प्यायलो तेव्हा हिच्यात लोणी होतं. मला वाटलं होतं घात झाला. ते गेलं कुठे?"

मार्गो नुसती बघत राहिली. हॉलिस म्हणाला, "उबेत होती ती. ओडेटच्या दुकानात, हीटरजवळ." असं म्हणून तो माझ्याकडे वळला, आणि त्याच्याबरोबर सगळं सभागृह वळलं. त्या क्षणी मला कळलं की काय झालंय. यीस्ट जागं झालं होतं. त्यानं लोणी खाल्लं, आणि हॉप्सना धक्का लावला नाही. मी जे दर महिन्याला कुणा ना कुणाला सांगते, तेच मी केलं होतं, आणि मला पत्ता नव्हता.

"मीच सांगितलं होतं तिला," मार्गो म्हणाली. "हीटरजवळ ठेव म्हणून."

एफ्रेन म्हणाला, वा, याला म्हणतात समज. पुन्हा टाळ्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

रात्रभर अंगाचा तिळपापड. तिनं मला सांगितलं होतं म्हणे. तिनं मला दहादा काय सांगितलं होतं? थंडीत ठेव. ढीगभर माणसांसमोर सरळ खोटं बोलली. बक्षीस घेतलं, नळ घेतला, एफ्रेनच्या टाक्या घेतल्या, तेवढ्यानं भागलं नाही. लोणी गेलं ते कुणामुळे? त्याचंही श्रेय तिलाच हवं. माझ्या दुष्टपणाचंसुद्धा श्रेय मला मिळू नये म्हणजे कमाल झाली.

आणि माझा तो कागद तिच्याकडे गेला असणार. शेरे बिअर करणाऱ्याकडेच जातात. परीक्षकाचं नाव वर लिहिलेलं असतं.

तिचा दोनदा फोन आला. उचलला नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हॉलिस आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, मला तुझी माफी मागायची आहे. त्यानं खोक्यावरची तारीख वाचली होती. तेव्हापासून त्याच्या मनात होतं की मी बहिणीची बिअर मुद्दाम खराब केली. निकालानंतर सगळ्यांसमोर तो विषय काढणार होता, माझं परीक्षकपद काढून घ्यायचं पत्रही तयार ठेवलं होतं. "मार्गो मध्येच बोलली नसती तर मी तुझ्या अब्रूचं खोबरं केलं असतं, ओडेट. या वयात असं मनात आणलं, लाज वाटते मला."

मी म्हटलं, होतं असं. त्यानं कॉफी घेतली. पूर्वीसारखा बराच वेळ बसला, गुडघ्यांबद्दल बोलला. मी हं हं म्हणत होते.

तो गेल्यावर मी मागच्या खोलीत गेले. हात धुवायचं बेसिन आणि हीटर यांच्यामध्ये एक पाऊल आहे. हात धुताना खोकं मांडीला लागतं. मार्गोनं ब्रेड आणला त्या दिवशी बराच वेळ पाणी वाहत होतं.

दुकान लवकर बंद केलं. काही खाल्लं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शाळा सुटायच्या आधी बसच्या डेपोत गेले. मार्गो बसच्या पायरीवर बसून सफरचंद खात होती. मला बघून सरकली, जागा केली. मी बसले नाही.

"तू मला हीटरजवळ ठेवायला सांगितलं नव्हतंस."

"नाही."

"ब्रेड घेऊन आलीस तेव्हा पाहिलंस."

"हो."

"तुला वाटलं असेल की उबेनं लोणी जाईल, म्हणून गप्प बसलीस."

"कसलं लोणी? एफ्रेन काय म्हणतोय ते मला स्टेजवर पण कळलं नाही. मला वाटलं, गेली माझी बिअर. घरी जाऊन रडले मी, वेन्डलला विचार." सफरचंदाचा चोथा तिनं रुमालात गुंडाळला. "थंडीत ठेव म्हणून मी तुला दहादा सांगितलं होतं, ओडी. तू विसरणारी नाहीस. तू पेनांची टोपणंसुद्धा विसरत नाहीस."

"मग उचलून फ्रीजमध्ये का ठेवलं नाहीस? तुझंच खोकं होतं."

समोरच्या बसमधून कुणीतरी तिला हात केला, तिनंही केला.

"हलवलं असतं तर तुला कळलं असतं, मी पाहिलं ते. मग तू कशी आली असतीस माझ्याकडे जेवायला? बिअर काय, परत करता येते."

तिच्या केसांचा, नवऱ्याचा, हसवण्याचा, पापांचा, सगळ्याचा मी हेवा केला, पण असलं काही तिच्याजवळ असेल असं कधी मनात आलं नव्हतं. आणि खरं लिहायचं तर त्या क्षणीही मनात पहिलं हेच आलं, हेही हिच्याकडेच! मग रडू आलं. मी पायरीवर तिच्या शेजारी बसले. चुकले म्हणाले. नीट, पूर्ण वाक्यात म्हणाले. तिनं माफ केलं म्हटलं नाही की समजूत घातली नाही, नुसती ऐकत राहिली, आणि ते बरं झालं.

थोड्या वेळानं म्हणाली, "तुझा कागद मिळाला."

मी बाहीनं डोळे पुसले.

"माझी आहे हे माहीत असतं तर लिहिलं असतंस?"

"नाही."

"वाटलंच." ती उठली, बसच्या किल्ल्या खिशातून काढल्या. एफ्रेननं तिला पुढच्या आठवड्यात टाक्यांवर बोलावलंय, आणि तिला मापं विचारलीत, आणि तिच्याकडे मापं नाहीत, मूठ आहे. तिला भीती वाटतेय. हे तिनं बसच्या दाराशी उभं राहून, माझ्याकडे न बघता सांगितलं. मार्गोला भीती वाटते हे मी पहिल्यांदा ऐकलं.

"तू ये ना तिथं. मला त्यातलं काही कळत नाही. लोण्याचा वास आला तर सांगशील?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवून गेले होते.

"सांगेन. पण आधी अर्धा दिवस माझ्या पोटात दुखेल, मार्गो. मग सांगेन."

तिनं इंजिन सुरू केलं, आरसा नीट केला.

"चालेल," म्हणाली. "एफ्रेनला सांगते, अर्धा दिवस जास्त धर."